पत्रिका छापणारीनं अल्बम करायला घेतला तर

अक्का,
मी बेळगावातल्या शहापूरची. गेली सहा वर्षं एका प्रेसमध्ये डिझाईन करते. लग्नपत्रिका, वास्तुशांत, बारसं, मंडळांच्या पावत्या, असलंच सगळं. वडगावचा माझा मामेभाऊ पॉप गाणी म्हणतो, मराठीत आणि कन्नडमध्येही. त्याची पाच गाणी गणपतीच्या आधी येणार आहेत. त्याला ऑनलाईनसाठी कव्हर पाहिजे आणि कार्यक्रमात विकायला ३०० नग. डोक्यात कोरियन अल्बमसारखी पेटी आहे: आत सीडी, फोटोंचं पुस्तक, फोटोकार्डं. चाळीस परदेशी कव्हरं पाठवलीत, ‘असलं कर’ म्हणून. खर्च त्याचा थोरला भाऊ, आमचा दादा करणार. त्याला कव्हरवर भावाचा मोठा चेहरा, सोनेरी अक्षरं आणि मदत केलेल्या सगळ्यांची नावं पाहिजेत. नाव मराठीत लिहायचं की कन्नडमध्ये, यावरून घरातच दोन तट पडलेत. (एका गाण्यात त्यानं घरच्या साड्या विणायच्या मागाचा आवाज रेकॉर्ड करून ठेक्याला वापरलाय, ते मला फार आवडलं.) मी पत्रिका करणारी, मला हे झेपेल का? आणि नात्यात पैसे मागायचे कसे?
– पत्रिकावाली

प्रिय पत्रिकावाली,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू कंसात टाकलंयस. चाळीस परदेशी कव्हरं, दादाचं सोनेरी, घरातले दोन तट, हे सगळं सविस्तर लिहिलंस आणि ज्यातून कव्हर निघणार आहे ती गोष्ट जाता जाता सांगून टाकलीस. म्हणून मी तिथूनच सुरू करते.

आधी त्या चाळीस कव्हरांचं. ती टाकून देऊ नकोस, पण ती समोर ठेवून कामाला बसूही नकोस. मामेभावाला विचार, यातली तीनच ठेवायची झाली तर कुठली ठेवशील? आणि त्या तिनांत काय आवडलं ते कव्हर न बघता सांग. तो एखादा रंग सांगेल, नाहीतर ‘मोकळं वाटतं’ म्हणेल. तेवढं लिहून घे. त्याला हवं आहे ते एवढंच, बाकीची चित्रं त्या त्या माणसांच्या गाण्यांची आहेत.

मग पाचही गाणी ऐक. प्रेसमध्ये फाईल लावता लावता नको, संध्याकाळी नुसती बसून ऐक. प्रत्येक गाण्याला एक कोरा कागद घे आणि त्यावर फक्त वस्तू, जागा, वेळ लिही. ‘सुंदर’, ‘भावुक’ असले शब्द लिहायचे नाहीत, त्यांचं चित्र निघत नाही. एसटी स्टँड लिहिलंस तर निघतं, पहाटेची धुक्यातली रेल्वे लाईन लिहिलीस तरी निघतं. पाच कागद झाले की शेजारी शेजारी मांड आणि दोन-तीन कागदांवर पुन्हा आलेली गोष्ट शोध. मी गाणी ऐकलेली नाहीत, त्यामुळे पैजेवर सांगत नाही. पण वडगावात वाढलेल्या पोराच्या पाच गाण्यांत माग एकदाच येईल असं मला वाटत नाही. वडगाव, खासबाग, शहापूर इथल्या गल्ल्यांतून दुपारी चालताना तो खटखटाट छातीत बसतो, तुला मी काय सांगायचं!

माग मिळाला म्हणून मागाचा फोटो कव्हरवर टाकू नकोस. तो फोटो प्रदर्शनाच्या पत्रकावर शोभतो. त्यापेक्षा मागाजवळ जाऊन उभी राहा आणि आवाज कशामुळे होतो ते बघ. साडीच्या काठाची नक्षी जिथं जकार्डवर विणतात तिथं वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. एक पुठ्ठा म्हणजे धोट्याची, आडवा धागा नेणाऱ्या नळीची, या काठापासून त्या काठापर्यंत एक फेरी. जिथं भोक आहे तिथले ताण्याचे, म्हणजे उभे धागे उचलले जातात, जिथं नाही तिथले खाली राहतात. भोकांच्या ओळींतून काठ तयार होतो आणि पुठ्ठे ज्या लयीत पुढं सरकतात त्याच लयीत धोट्याचा आवाज होतो. म्हणजे ठेका आणि नक्षी एकाच माळेबरोबर चालतात. गाण्याच्या कव्हरला याच्याहून जवळची वस्तू मला तरी सुचत नाही. आता बऱ्याच ठिकाणी जकार्ड इलेक्ट्रॉनिक झालंय, पण कुणाच्या तरी माळ्यावर जुने पुठ्ठे असतात. मामाला विचार, ओळखीच्या विणकराला विचार, आणि नक्षी घेणार असशील तर ज्याची आहे त्याला सांगून घे. गुगलवरची जकार्डची चित्रं वापरायची नाहीत.

मी कल्पना करते ती अशी: बाहेर एक चौकोनी पाकीट, त्याच्या दर्शनी बाजूला पुठ्ठ्यासारखी भोकं. आत सरकणारं एक जाड कार्ड, त्याच्या एका बाजूला मामेभावाचा चेहरा, मोठा, पूर्ण कार्डभर, आणि दुसऱ्या बाजूला साडीच्या काठाचा नुसता सपाट रंग. चेहऱ्याची बाजू पुढं करून कार्ड आत असताना भोकांतून डोळ्याचा तुकडा, ओठाचा तुकडा दिसेल. कार्ड ओढलं की सगळा चेहरा बाहेर येईल. दादाला चेहरा पाहिजे आणि त्याचं चूक नाही, कारण कार्यक्रम संपल्यावर टेबलाजवळ येणारा माणूस आत्ता स्टेजवर बघितलेला चेहराच शोधतो. तो त्याला मिळेल, फक्त स्वतःच्या हातानं ओढून काढावा लागेल. हे माझं चित्र झालं. तुझ्या पाच कागदांतून दुसरं काही निघालं तर ते घे.

एक मात्र सांभाळ. भोकं पाडण्यात खर्च आहे. १९८३ साली मँचेस्टरच्या न्यू ऑर्डर या बँडची एक १२ इंची तबकडी आली. पीटर सॅव्हिल यांनी तिचं कव्हर कॉम्प्युटरच्या फ्लॉपीसारखं केलं होतं, खरोखर भोकं कापून. कव्हर एवढं महाग पडलं की विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे कंपनीला तोटा झाला, अशी त्याची गोष्ट आजही सांगतात. तोट्याचा आकडा प्रत्येक जण वेगळा सांगतो, पण धडा खरा आहे. तेव्हा पंचिंगवाल्याकडे आधी जा, डिझाईन नंतर कर. त्याला विचार की भोक किती बारीक चालेल, दोन भोकांत किती अंतर पाहिजे, कचरा हातानं काढावा लागेल का. माझ्या अनुभवात ४ मिलिमीटरपेक्षा बारीक भोकं असली की ३०० नगांचा कचरा काढता काढता पोरं वैतागतात आणि पुठ्ठा फाटतो. घडीजवळ १० मिलिमीटर तरी जागा कोरी सोड. साठ भोकांऐवजी वीस भोकांत काम झालं तर वीसच ठेव.

आता सीडीबद्दल स्पष्ट बोलते. तुझ्या गल्लीत सीडी वाजवायचं यंत्र कुणाकडे आहे? नव्या लॅपटॉपला खाच नसते. कोरियन अल्बमात पुस्तक, पोस्टर आणि फोटोकार्डं भरलेली असतात, कारण तिथं चाहते ती वस्तू जमवायला घेतात, गाणी फोनवरच ऐकतात. पाकिटात कुठलं फोटोकार्ड निघेल हे माहीत नसतं, म्हणून पोरं तोच अल्बम चार-चार वेळा घेतात. ते मला पटत नाही. आपल्या पोरांच्या खिशाला तर मुळीच परवडणार नाही. तबकडी वगळ, आतल्या कार्डाच्या रंगाच्या बाजूला क्यूआर कोड घाल आणि सीडीचे वाचलेले पैसे कागदावर आणि पंचिंगवर लाव.

तबकडी गेली की सीडीच्या १२ सेंटिमीटरचं बंधनही गेलं. मग माप कागदावरून ठरव. ३०० नगांना ऑफसेटच्या प्लेटा काढणं परवडत नाही, तू डिजिटलवरच छापणार, म्हणजे १३ बाय १९ इंची शीट. पाकीट १४० मिलिमीटर चौरस धर. उलगडलं की २८० बाय १४०, वर-खाली चिकटवायला १५-१५ च्या पट्ट्या, एका शीटमध्ये दोन बसतात. आतलं कार्ड १३६ चौरस, म्हणजे सरकायला मोकळीक राहते, ते शीटमध्ये सहा बसतात. गाण्यांच्या शब्दांसाठी ४०८ बाय १३६ ची पट्टी, दोन घड्या घातलेली झेड. दोन्ही बाजू मिळून सहा पानं होतात: पाच गाणी आणि सहावं श्रेयनामावलीचं. पाच गाण्यांच्या अल्बमला हे इतकं नेमकं बसतंय की मला लिहितानाच आनंद झाला. पट्टीही शीटमध्ये दोन बसते. पाकीट आणि कार्ड ३०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप), पट्टी १२० किंवा १३० ची. सगळीकडे ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेघेबाहेर जादा छपाई, सोड. डिजिटलचा टोनर घडीवर तडकतो आणि पांढरी रेघ उमटते, म्हणून घडीवर गडद रंग येऊ देऊ नकोस, नाहीतर मॅट लॅमिनेशन कर आणि आधी क्रीजिंग (घडीच्या जागी दाबाची रेघ) मारून घे.

मग डमी. पांढऱ्या कागदाची, कात्रीनं कापलेली, पेन्सिलीनं लिहिलेली. स्क्रीनसमोर बसण्याआधी. याबाबत मी हट्टी आहे, त्याचं कारण सांगते. नव्वदच्या दशकात मी कॅसेटची इनले कार्डं, म्हणजे डबीत घालायची छापील कार्डं, करायची. पहिलं मोठं काम भजनाच्या कॅसेटचं होतं, गाणाऱ्या बाई आमच्याच भागातल्या. दुकानात कॅसेटी पाठ बाहेर करून रचलेल्या असायच्या, म्हणजे गिऱ्हाईक आधी वाचायचं ते पाठीवरचं नाव. ती पाठ जेमतेम १२-१३ मिलिमीटरची. मी बाईंचं नाव तिथं ठळक बसवलं, शिरोरेघ घडीला समांतर आणि अगदी लागून. घडी मिलिमीटरभर सरकली आणि हजारो कार्डांवर शिरोरेघ पुढच्या बाजूला गेली. पाठीवर डोकं उडालेली अक्षरं राहिली. बाईंनी दुकानात उभं राहून स्वतःचं नाव बोटानं चाचपलं. मला एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून हातात धरून, घडी घालून बघितल्याशिवाय माझ्याकडून काही छापायला गेलेलं नाही. तुझी डमी मामेभावाच्या आजीला उघडायला दे. ती कुठं अडते, काय आधी ओढते, ते बघ आणि त्याप्रमाणे बदल.

आता ‘मी पत्रिका करणारी’ हे. असं पुन्हा कुणापुढं म्हणू नकोस. तू सहा वर्षं पॅकेजिंगच करत आलीयस. पत्रिका म्हणजे दुसरं काय असतं? पाकीट हातात येतं, त्यावर हळदीकुंकू लावायला जागा सोडलेली असते, उघडलं की आधी गणपती, मग कुलदैवत, मग मुला-मुलीचं नाव, मग मुहूर्त, सगळ्यात शेवटी मांडवाचा पत्ता. काय आधी दिसायचं आणि काय नंतर, कुठला कागद बोटांना कसा लागायचा, फॉईल कुठं चमकायचं, हे तुझ्या हाताला पाठ आहे. कॉलेजात पॅकेजिंग शिकून आलेल्यांना हे पंचिंगवाल्याच्या दारात उभं राहून नव्यानं शिकावं लागतं. आणि दादाची नावांची यादी? तीस-चाळीस पाहुण्यांची नावं मानापानाचा क्रम सांभाळून वीतभर जागेत बसवणारी तू! तीच युक्ती सहाव्या पानावर कर. गीतकार, संगीतकार, वाजवणारे, रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करणारे आधी, मग मदत करणारे, एका मापाच्या अक्षरात. लोगो एकही नको. एक लोगो आला की बाकीचेही मागतात.

गाण्यांच्या संचाला ‘अल्बम’ म्हणतात तेही आपल्या बांधणीच्या धंद्यामुळेच. ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटांचं गाणं मावायचं, म्हणून चार-पाच तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्यात बांधून विकायचे. बाहेरून ते पुठ्ठे बहुतेक कोरेच, वर नुसतं नाव. १९४० च्या सुमारास अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या विशीतल्या पोरानं त्यावर चित्र काढायला सुरुवात केली. त्याचं काम जाहिराती करण्याचं होतं. आपल्या गावाकडे बघ. चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली तयार झालेले रवी परांजपे, जन्म १९३५, बेळगावचेच. त्यांनी जाहिरातींची, मासिकांची चित्रं काढली आणि अशा कामाला कमी लेखणाऱ्यांचं कधी ऐकलं नाही. तू त्याच गावची आहेस.

अक्षरांचं सगळ्यात नाजूक, म्हणून सावकाश सांगते. पाटीवर कुठली लिपी, हा प्रश्न आपल्याकडे कव्हरपुरता राहत नाही, घरातले दोन तट मला समजतात. पण तुझ्याकडे एक सरळ वाट आहे. ऑनलाईन कव्हरवर काहीच लिहू नकोस. फोनवर गायकाचं आणि गाण्याचं नाव चित्राखाली आपोआप येतं. चित्र यादीत नखाएवढं दिसतं, त्यावरची अक्षरं कुणी वाचत नाही. भोकांची नक्षी आणि त्यातून डोकावणारा डोळा तेवढ्या आकारातही ओळखू येईल. गाणी ऑनलाईन पोचवणारे वितरक साधारणपणे ३००० बाय ३००० पिक्सेलचा चौरस मागतात. त्यावर फोन नंबर, वेबसाईट, किंमत टाकलीस तर परत पाठवतात, हे दादाला आधीच सांगून ठेव.

पाकिटावर मात्र नाव दोन्ही लिप्यांत घे, सारख्या वजनात, एकही दुसरीची तळटीप वाटू नये असं. आणि आतल्या पट्टीवर गाणं ज्या भाषेत गायलंय त्याच लिपीत छाप. मराठी गाणं देवनागरीत, कन्नड गाणं कन्नडमध्ये. त्यानं दोन्ही भाषांत गायलंय ते दोन्ही त्याच्या तोंडात आहेत म्हणून, आणि कव्हरनं गाण्यापेक्षा वेगळं काही बोलू नये. एखादा वाद घालायला आला तर मामेभावानं त्याला गाणं ऐकवावं.

दोन लिप्या शेजारी बसवणं मात्र कष्टाचं आहे. देवनागरी शिरोरेघेला लोंबकळते, कन्नड अक्षरं गोल आणि प्रत्येकाचं डोकं सुटं. कन्नड जोडाक्षरांत दुसरं अक्षर ओळीखाली उतरतं, त्यामुळे त्याला दोन ओळींत जास्त जागा लागते. तू देवनागरीचंच अंतर ठेवलंस तर हे खाली उतरलेलं अक्षर, म्हणजे ओत्तू, पुढच्या ओळीला टेकतं. दोन्ही लिप्यांसाठी एकत्र आखलेला फॉन्ट घेतलास तर निम्मी मेहनत वाचेल. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेनं केलेले ‘अनेक’ (Anek) आणि ‘बलू’ (Baloo) हे दोन्ही देवनागरीत आणि कन्नडमध्ये मोफत मिळतात. गाण्यांचे शब्द युनिकोडमध्ये मागव. श्री-लिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टातली फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली की शब्दांचं काय होतं ते तुला माहीत आहेच. छपाईला देण्याआधी सगळं कर्व्ह कर (अक्षरांचे नुसते आकार करून टाक) आणि कर्व्ह केल्यावर पुन्हा वाच. कन्नडची पानं शाळेत कन्नड माध्यमातून शिकलेल्या माणसाकडून तपासून घे. आपण रोज बोलतो, पाट्या वाचतो, पण ऱ्हस्व-दीर्घ आणि ओत्तू पकडायला तिथं वाढलेला डोळा लागतो.

रंगाचं थोडक्यात. त्या कोरियन कव्हरांतला झगझगीत गुलाबी स्क्रीनवर दिसतो, चार रंगांच्या छपाईत तो मंद होणार. मामेभावाला पहिला नमुना कागदावरच दाखव. दादाच्या सोनेरीसाठी पत्रिकेचं फॉईल तुझ्या हाताशी आहे, नाव आणि काठाची एक रेघ एवढ्यावर वापर, बस झालं. चेहऱ्याचा फोटो फोटोग्राफरकडून मूळ फाईलच घे, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो कार्डभर मोठा केलास तर फुटेल.

पैशाचं. छपाई, पंचिंग, लॅमिनेशनची बिलं दादानं परस्पर भरायची. ते पैसे तुझ्या हातून गेले की नात्यात हिशेब निघणार. तुझी मजुरी वेगळी. किती दिवस लागतील ते मोज, प्रेसमध्ये तुझा दिवस जेवढ्याचा आहे त्याच्या खाली येऊ नकोस, निम्मे पैसे सुरुवातीला. बदल दोनदाच, आणि ते एकाच माणसाकडून येतील. कोण, ते भावाभावांनी ठरवावं. हे सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घे. कॉपीराईट कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. चित्र या अल्बमसाठी आणि त्याच्या जाहिरातीसाठी दिलंय, उद्या टी-शर्टवर छापायचं असेल तर पुन्हा बोलायचं, असं त्यात घाल. आणि सहाव्या पानावर तुझं नाव येईल हेही. नातं बिघडेल म्हणून घाबरू नकोस. पत्रिकेचा ॲडव्हान्स तू पाहुण्यांकडूनही घेतेसच की.

शेवटी वेळ. गणपतीच्या आधी म्हणजे श्रावणात छापू असं डोक्यात असेल तर ते काढून टाक. श्रावण लागला की मंडळांच्या पावत्या, आरतीची पुस्तकं, कार्यक्रमपत्रिका यांनी प्रेस भरून जातात, तुझा स्वतःचा प्रेसही तुला सोडणार नाही. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात. तेव्हा पत्रिकेवर चालणारी फॉईलची आणि पंचिंगची मशीन मोकळी असतात, कारागीर चहा पीत बसलेले असतात आणि एखादं भोक दोन मिलिमीटर सरकवायचं म्हटलं तर कुणी चिडत नाही. ते दिवस आत्ताच बोलून धर. तोवर पाच कागद आणि कोरी डमी तयार पाहिजे.